दहा सेकंद

“हात पिळला गेला की चटईवर थाप मार, हार मान. त्यात लाज कसली?” गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मोरिहिरोने अठरा वर्षं ते मनावर घेतलं नाही. ओसाकातल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या रिंगणात त्याने चाळीस लढती गाजवल्या, पण थाप एकदाही मारली नाही. उजवा खांदा तीनदा निखळला. त्या तिन्ही वर्षी शरदात गावदेवाची पालखी निघाली, तेव्हा हा गळ्यात हात बांधून कडेला उभा.

“यंदा तरी वडिलांच्या जागी खांदा देशील, की पुन्हा हात झोळीत?” आईने विचारलं.

“देईन. शब्द देतो.”

पालखीच्या आदल्या दिवशी विजेतेपदाची शेवटची लढत. गुणांत तो पुढे होता, दहाच सेकंद उरले होते, आणि प्रतिस्पर्ध्याने त्याचा उजवा हात पायांत आवळून मागे खेचला. सांधा करकरला.

“सोस रे, सोस!” प्रेक्षक ओरडले.

त्याने शांतपणे तीनदा थाप मारली.

“दहा सेकंद सोसलं असतं, तर विजेतेपदाचा पट्टा तुमचाच होता,” पत्रकार हळहळला.

“पट्टा कमरेला लागतो,” तो हसला. “मला खांदा हवा होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा पालखीचा निळा डगला अंगात घालून, आईला न उठवता, त्याने देवळाची वाट धरली.