पहिला तोडा

दारातल्या मांडवावर घेवड्याच्या बोटाएवढ्या कोवळ्या शेंगा लटकल्या आणि छबुबाईंनी सुनेला दम भरला, "मोहिनी, हात लावायचा न्हाई. पहिला तोडा माझ्या नातवाचा. दिवाळीला येतोय त्यो पुण्याहून." मोहिनीची दोन वर्षांची लेक मांडवाखाली हात वर करून उभी होती. तिचा नंबर कितवा, हे विचारायची सोय नव्हती.

"आत्या, शेंगा कोवळ्या असतानाच तोडाव्या लागतात. तोडत राहिलं तरच वेल फुलत राहतो."

"लई शिकलीस! गप बस."

दिवाळीपर्यंत दाणे टरारून फुगले, सालं चिवट झाली आणि वेलाला फूल येणं थांबलं. नजर लागली म्हणून छबुबाईंनी वेलाला फाटकं पायताण बांधलं. ते बघून शेंगा लाजून पुन्हा कोवळ्या होणार होत्या बहुतेक! नातवानं भाजीचा पहिलाच घास थुंकला. "आजी, यात दोऱ्या आहेत!"

छबुबाई तणतणत परसात गेल्या आणि थबकल्या. कुंपणावरचा घेवड्याचा दुसरा वेल फुलांनी डवरला होता, आणि शेंगा अशा कोवळ्या की नखानं मोडाव्यात.

"बघ, हितं देवानं राखलं!"

"देवानं नाही आत्या, मी तोडत राहिले म्हणून. तुमची नात दसऱ्यापासून एक दिवसाआड याचीच भाजी खातेय," मोहिनी म्हणाली. "सकाळची तिची वाटीभर उरलीय. नातवाला वाढू का?"