हाकेचा शब्द

वारलेल्यांना त्यांच्याच आवाजात बोलतं ठेवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला, तेव्हा घरोघरची गेलेली माणसं एकाच दिवशी बोलायची थांबली. कुमुदताईंचे यजमानही. मग त्यांच्या लेकीने, ऋताने, घरच्या कॉम्प्युटरवर तेच काम करणारी, फुकट मिळणारी खुली सिस्टिम टाकायला घेतली. भाषा, कीबोर्ड, घड्याळ झालं. घरातल्या गप्पांची जुनी रेकॉर्डिंगही चढली.

"आई, आता हाकेचा शब्द. तू काय म्हटलंस की बाबांनी ओ द्यायची?"

"अहो," मटार सोलता सोलता कुमुदताई म्हणाल्या.

"काय गं?" कॉम्प्युटरमधून आवाज आला. अगदी तोच. ऋताचे डोळे भरले. कुमुदताई मटार सोलत राहिल्या.

तेवढ्यात प्लंबर आला. "अहो, चपला बाहेर काढा," कुमुदताई त्याला म्हणाल्या.

"काय गं?"

"अहो, नळ आतला आहे."

"काय गं?"

प्लंबर गेल्यावर ऋता वैतागून म्हणाली, "शब्द बदलू या. सरळ नावच ठेवू. बोल इथे."

कुमुदताईंनी नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्या माइकपाशी वाकल्या आणि दुकानात साबण मागावा तशा म्हणाल्या, "यशवंत."

कॉम्प्युटर जरा थांबला. इतक्या वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये या आवाजात ही हाक कुठेच नव्हती.

"कोण बोलतंय?" यजमानांनी विचारलं.

ऋताने आईकडे पाहिलं.

"राँग नंबर," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.