एक पॉइंट पंच्याऐंशी

दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे धरून मुले जी चूक करतात, तिच्यावर प्राध्यापकांनी प्रबंध लिहिला होता. ही चूक खपवून घेणाऱ्या शिक्षकाच्या हातातून खडू काढून घ्यावा, हे त्यातले शेवटचे वाक्य. दैवाची रसिकता अशी, की त्यांची सहावीतली लेक नेमकी तीच चूक करी. अवयव तोंडपाठ, गुणोत्तरे चोख. दशांश आले की घोडे पेंड खाई.

आठवडाभर रुग्णालयाच्या बाकावरच सराव चालला होता. काचेपलीकडे, ऊब देणाऱ्या पेटीत, तिचा वेळेआधी जन्मलेला भाऊ होता. दोन किलो भरला की घरी. मात्र आज वजन घटता कामा नये, असे डॉक्टरांनी सकाळीच बजावले होते.

"एक पॉइंट तीन मोठा, की एक पॉइंट पंचवीस?"

"पंचवीस."

"दगड! तीन मोठा. शंभरदा सांगितलं."

"पण बाबा, तिनापेक्षा पंचवीस मोठेच असतात ना!"

एवढ्यात परिचारिका बाहेर आली. "काल एक पॉइंट नऊ होतं," ती नजर चुकवीत म्हणाली, "आज एक पॉइंट पंच्याऐंशी भरलंय." आणि लगबगीने आत गेली.

लेक उडी मारून उठली. "बाबा, नवावरून एकदम पंच्याऐंशी! केवढं वाढलं आपलं बाळ! आता तरी बरोबर ना?"

प्राध्यापक काचेकडे पाहत राहिले. मग हातातली पेन्सिल त्यांनी तिच्या कंपासपेटीत ठेवून दिली.

"बरोबर," ते म्हणाले.