जागेचं नाव

भर हळदीतून पळालेला माणूस आज आईपुढे मांडी घालून शहाण्यासारखा बसला होता. धर्मीबाईचा चैत्रातला राग आषाढ लागला तरी उतरला नव्हता. गोटीरामच्या पोरीची हळद होती. अख्खं गाव मांडवात, बँजो रंगात आलेला. तेवढ्यात कारखान्यांपासून गावापर्यंत सगळे दिवे गेले, आणि ज्याने नवरीचे फोटो काढायचे तोच कॅमेरा उचलून पसार झाला. लोक कंदील शोधत होते आणि हिचा कान्हा खदानीची वाट शोधत होता. गोटीरामची बायको अजून नळावर तोंड फिरवते. याला नवरीपेक्षा दगड देखणे वाटले, असं धर्मीबाई येईल-जाईल त्याला सांगायची.

एक गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नव्हती. त्या संध्याकाळी तीही त्याच्या मागोमाग खदानीत गेली होती, कान धरून परत आणायला. कान्हाने कॅमेरा स्टँडवर लावला होता. रीळ संपेपर्यंत हलू नको, बोलू नको, असं त्याने हात जोडून सांगितलं. आणि जन्मात पहिल्यांदा धर्मीबाई गप्प उभी राहिली. सुरुंगांनी डोंगर खाऊन उरलेला एक सुळका समोर होता. त्याच्या डोक्यावर तो शेपटीवाला तारा, ज्याच्या बातम्या महिनाभर पेपरात येत होत्या. भोवती इतक्या चांदण्या, की दिव्यांच्या आधीचं आभाळ तिला आठवलं.

त्या फोटोला दिल्लीच्या एका मासिकाने पहिला नंबर दिला होता. बक्षीस म्हणजे नोकरी. कॅमेरा घेऊन देशभर हिंडायची. बारशी, साखरपुडे आणि पासपोर्ट साइज यांतून कायमची सुटका. कान्हा सत्तावीस वर्षांचा होता. असं पत्र दिघ्यासारख्या गावात दुसऱ्यांदा येत नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आईलाही. आता फक्त एक फॉर्म भरून धाडायचा होता. त्यावर फोटो काढताना हजर असलेल्या माणसाची सही हवी होती.

"वाच," धर्मीबाई म्हणाली.

कान्हाने इंग्रजी कागद मराठीत वाचला. नाव. वय. कॅमेरा कुठला. तारीख. मग साक्षीदार, असं म्हणून त्याने पेन पुढे केलं.

"मधली वळ खाल्लीस. बोट कुटं ठेवलंस ते मना दिसतं."

दुसरीतच शाळा सुटलेली. तिला इंग्रजी अक्षरं कळत नसतील, पोराची बोटं कळत होती. कान्हाने बोट उचललं. त्या ओळीत जागा लिहायची होती. त्याने जैसलमेर, राजस्थान असं लिहिलं होतं.

मग तो भराभर सांगत सुटला. स्पर्धा वाळवंटातल्या रात्रीची होती. दिघा लिहिलं तर फोटो बाद, नोकरीही गेली. मोठमोठ्या परीक्षकांनाही फरक कळला नव्हता. कुणाचं काही चोरलं नव्हतं, कुणाचं नुकसान होत नव्हतं. बोलता बोलता त्याने फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

"तूच बघ, आये. एक झाड तरी हाय का यात? वाळवंट नाय तर काय हाय?"

तिने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. याच डोंगराच्या उतारावर ती बकऱ्या सोडायची. इथेच करवंदांनी ओटी भरायची, झऱ्याला तोंड लावून पाणी प्यायची. फोटोत गवताची काडी नव्हती. नुसता उभा चिरलेला दगड आणि आभाळ. पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

"तुज्या बापानं खदानवाल्यांना अंगठा दिला, तवा आपला भात कमरेला लागत व्हता," ती सावकाश म्हणाली. "कागदावर लिवलं व्हतं, पडीक जमीन. आमी वाचून नाय घेतला. तुजा बाप म्हनला, लिवल्यानं काय व्हतं, भात तर उभाच हाय. दोन वर्सांत पडीक झाली."

बाप, कोंडिबा, मरेपर्यंत त्या बांधावरून पुन्हा चालला नव्हता, हे कान्हाने पाहिलं होतं. जमीन गेली त्याच वर्षी आई प्रौढांच्या वर्गात जाऊन स्वतःचं नाव गिरवायला शिकली, हे मात्र त्याने कधी एकत्र जोडलं नव्हतं.

धर्मीबाईने पेन घेतलं. मघाशी त्याच्या बोटाखाली होती ती ओळ तिने नीट शोधली आणि तिच्यावर आडवी रेघ ओढली. इतकी दाबून, की कागद फाटता फाटता राहिला. कान्हाने तिचा हात धरला, पण उशीर झाला होता. एवढा एकच फॉर्म आलाय, तो पुटपुटला. तिने हात सोडवून घेतला. खाली साक्षीदाराच्या जागी एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत तिने पूर्ण सही केली, नवऱ्याच्या नावासकट. मग कागद आणि पेन त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"डोंगराचं नाव लिव, कान्हा. वाळवंट लिवलंस तर उरलाय तो बी उडवतील, नि कुनी जाब इचारला तर तू काडलेला हाच फोटो दाखवतील."