शेजारचा ठिपका

प्लोवदिव शहरातल्या त्या ऑफिसात पाचजण मिळून एक प्रोग्रॅम लिहीत होते आणि भिंतीवरचा पडदा त्यांच्या चहाड्या करत होता. प्रत्येकाच्या नावाचा एक ठिपका. ज्यांचं काम एकमेकांत गुंतलेलं, त्यांचे ठिपके जवळ येत.

सोमवारपासून बाकीचे चार ठिपके योर्दानाच्या ठिपक्यापासून लांब सरकू लागले.

"आपण काम तर मिळूनच करतोय ना रे?" तिनं गालिनला विचारलं.

"करतोय की!" गालिननं मान आडवी हलवली, इथे होकाराला हलवतात तशी. "त्या पडद्यालाच खूळ लागलंय. तू नको मनावर घेऊस."

शुक्रवारी सकाळी स्तोयान्कानं घरून चीज भरलेली गरम बानित्सा आणली. चौघं टेबलाच्या एका टोकाला अंग चोरून बसले. दुसऱ्या टोकाला योर्दाना एकटीच.

"अरे, एवढे दाटीवाटीनं का बसलात? इकडे या की."

"बरे आहोत आम्ही इथंच," स्तोयान्का म्हणाली. तिनं बानित्साचे सहा तुकडे केले होते. त्यातले दोन तिनं लांबूनच योर्दानाकडे सरकवले.

योर्दानानं पडद्याकडे पाहिलं. चार ठिपके कोपऱ्यात गोळा झाले होते. तिच्या ठिपक्याला मात्र एक बिननावाचा ठिपका अगदी चिकटून होता.

तिच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती.

"गालिन," तिनं त्या खुर्चीवरची नजर न हलवता विचारलं, "माझ्या शेजारी कुणी बसलंय का रे?"

तिच्याकडे न बघता चौघांनीही हळूच मान आडवी हलवली.