ती बाई काय म्हणतेय

मय्यताच्या घरून परतलेली जैतुनबी अंगणातच थांबली. मोहल्ल्यात एखादी बाई किंवा लेकरू गेलं, की शेवटची आंघोळ घालायला तिलाच बोलावणं यायचं. आज लहानशी पोर होती, तापानं गेलेली. पाणी इतकं थोडं मिळालं, की पोरीची माफी मागावी असं जैतुनबीला वाटलं. आता स्वतः आंघोळ केल्याशिवाय ती घरात शिरणार नव्हती, आणि टँकरचा तर पत्ताच नव्हता. जायकवाडीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. बीड बायपासच्या नव्या टॉवरच्या जाहिरातीत मात्र पोहायचा तलाव निळाशार दिसत होता.

आतून एका बाईचा आक्रोश ऐकू आला. जैतुनबी दचकली. घरात याह्याशिवाय कुणी नव्हतं. मग तो आक्रोश मध्येच तुटला आणि एक पुरुष शांत, गोड उर्दूत बोलू लागला.

"याह्या, काय बघतोय रे?"

"काही नाही, अम्मी."

हे 'काही नाही' ती कित्येक महिने ऐकत होती. वाळूजच्या कारखान्यात परदेशी साहेब पाहणीला येणार होते, तेव्हा सुपरवायझर याह्याला हसत हसत म्हणाला होता, "दाढी काढ, नाहीतर दोन दिवस घरी बस. गोऱ्यांना उगाच धास्ती नको." याह्यानं दाढी ठेवली आणि नोकरी सोडली. तेव्हापासून पोरगं जेवायचं, नमाज पढायचं आणि फोनमध्ये डोकं घालून बसायचं. कालपासून खोलीच्या कोपऱ्यात एक भरलेली पिशवी होती. रोज मय्यतं हाताळणारी ही बाई त्या पिशवीला मात्र घाबरली होती. कुठं निघालास, हे विचारायची तिची छाती होत नव्हती. विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं तर?

"पुन्हा लाव ते," ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली.

"तुझ्यानं बघवणार नाही."

"आत्ताच लेकराला न्हाऊ घालून आलेय मी. माझ्यानं काय बघवत नाय? लाव म्हणते ना!" जैतुनबी देवगाव रंगारीची. चिडली की तिची उर्दू सुटायची आणि गावाकडची मराठी तोंडात यायची.

याह्यानं दारात येऊन फोन तिच्यासमोर धरला. इराकमधलं कुठलंसं गाव. बॉम्बनं सपाट झालेलं घर. ढिगाऱ्यात एक लहान मुलगा पडलेला, अंगावर चिंधीसुद्धा नाही. शेजारी त्याची आई. कॅमेरा मुलाच्या पोटाजवळ गेला आणि तिथंच रेंगाळला. बाई कॅमेऱ्याकडे बघून ओरडत होती, हात हलवत होती. मग तो गोड आवाज सुरू झाला.

"बघितलंस?" याह्याचे डोळे भरून आले होते. "विमानं त्यांची, बॉम्ब त्यांचे. आणि दहशतवादी कोण, तर आपण! ती आई आपल्याला हाक मारतेय, अम्मी. बदला घ्या म्हणतेय. भाई सांगतात ना त्यात."

"कोण भाई?"

"आहेत एक. उद्या भेटायला बोलावलंय."

त्या लेकरासाठी याह्या रडत होता आणि त्या रडण्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच जैतुनबीला त्या भाईची जास्त भीती वाटली.

"मागं घे. त्या माणसाचं नको. बाईचं लाव."

याह्या लहान असताना त्याला आजीकडे ठेवून जैतुनबीनं कुवेतमध्ये एका घरची मुलं सांभाळली होती. याह्याला कुराणातल्या कितीतरी सूरा पाठ होत्या, पण बोलण्यातली अरबी त्याला कळत नव्हती. तिला अरबीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिकडच्या आया लेकरांवर कशा खेकसतात, लेकरांसाठी कशा रडतात, ते सगळं कळायचं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"बदल्याचं काय बी बोलत नाय ती."

"मग?"

"झाका म्हणतीय. माझ्या लेकराला झाका. असं उघडं दाखवू नका कुणाला." जैतुनबीनं डोळे उघडले. "फोटू घेणाऱ्याच्या हातापाया पडतीय रे ती."

याह्यानं पुन्हा लावलं. फोनमधल्या त्या आईच्या तोंडाकडे बघत ऐकलं. परत एकदा ऐकलं.

"पुसून टाक ते," जैतुनबी म्हणाली. "मय्यताचं जे दिसलं ते बाहेर न्यायचं नसतं. कुणाच्याच लेकराचं नाय."

याह्यानं पुसलं. घरातला आवाज थांबला.

"अम्मी," तो खाली बघत म्हणाला, "आज जुम्म्याच्या नमाजनंतर मी ते ग्रुपवर टाकलंय. गल्लीतल्या सगळ्या पोरांना."

तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. टँकर आला होता. हंडे, ड्रम, बादल्या घेऊन सगळी गल्ली धावली आणि रांग लागली. पाणी सुटेपर्यंत उभ्या उभ्या करायचं काय? पोरांनी खिशातले फोन काढले.

आधी पानाच्या टपरीजवळून त्या बाईचा आवाज आला. मग समोरच्या गच्चीवरून. मग रांगेतून, एकात एक मिसळत, थोडा पुढं, थोडा मागं. सगळ्या गल्लीला ती हात जोडून सांगत होती, आणि एका जैतुनबीशिवाय कुणाला काही कळत नव्हतं.

जैतुनबीनं डोक्यावरची ओढणी ओढून हातात घेतली आणि तशीच, उघड्या डोक्यानं, ती रांगेकडे धावली. एकेका फोनसमोर ओढणी धरू लागली. ओढणी एकच होती.