यादीतलं नाव

नायब तहसीलदारांनी फळ्यावर आकडे लिहिले. दारूचं दुकान बंद करा म्हणणारी आडवी बाटली, चारशे सहा. चालू ठेवा म्हणणारी उभी बाटली, एकतीस. शाळेच्या पटांगणात बायांनी एकच कल्ला केला.

कौतिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गावातच दिलेली त्यांची लेक शेवंता नवऱ्याच्या दारूपायी विहिरीत गेली, तेव्हापासून या मतदानासाठी त्यांनी घरोघरचे उंबरे झिजवले होते.

"थांबा. दुकान चालूच राहील," साहेब म्हणाले. "यादीत बाया आठशे बारा. निम्म्याहून जास्त, म्हणजे चारशे सात मतं हवीत. यादीत एक नाव जरी कमी असतं, तरी भागलं असतं."

"आन् ज्या आल्याच न्हाईत?" कौतिकाबाईंनी विचारलं.

"त्या दुकानाच्याच बाजूनं धरल्यासारख्या."

मागल्या उन्हाळ्यात अंगणवाडीच्या बाई यादीतून शेवंताचं नाव काढायचा अर्ज घेऊन कौतिकाबाईंच्या दारात आल्या होत्या. "एवढ्या एका कागदावर तरी राहू दे की तिला," म्हणत त्यांनी अंगठा दिला नव्हता.

बाहेर दुकानदाराने फटाक्यांची माळ लावली. शाळेच्या भिंतीवर मतदारयादी डकवली होती. कौतिकाबाईंना वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव कुठल्या ओळीत आहे ते पाठ होतं. एरवी त्या ओळीवरून त्या हलकेच बोट फिरवायच्या.

आज त्यांनी ती तळहाताने झाकली, दुकानाला मत देऊन आलेल्या लेकीचं तोंड झाकावं तशी.